तुमच्या बांधीचं पाणी कुठं जातं?
भंडारा-गोंदियातल्या कृषी केंद्रचालकांना खुलं पत्र

कृषी केंद्र चालवणाऱ्या दादांनो आणि ताईंनो,

सप्रेम नमस्कार.

रोवणी तोंडावर आली आहे. पऱ्हे हिरवे झालेत, धानाच्या बांध्यांत चिखलणी सुरू आहे. रोवणी आटोपली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेतकरी तुमच्या काउंटरसमोर येऊन एकच वाक्य बोलतो, "तणाचं औषध द्या." कोणतं, एकरी किती, वाळूत कालवून फेकायचं की पंपानं मारायचं, हे सगळं तो तुम्हालाच विचारतो. कृषी सहायकाच्या वाट्याला कितीतरी गावं असतात. तुमचं दुकान रोज उघडं असतं. गावातल्या पाण्यात काय उतरणार याचा निर्णय बऱ्याच अंशी तुमच्या तोंडच्या दोन वाक्यांवर ठरतो, म्हणून हे पत्र तुम्हाला.

मी मासोळी धरणाऱ्या ढिवराच्या घरातली. आमचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात, मामा तलावाच्या, म्हणजे माजी मालगुजारी तलावाच्या, पाळीखाली. आई सकाळी दुसऱ्यांच्या बांधीत निंदायला जायची आणि दुपारी टोपलीत मासोळी घेऊन गावोगाव फिरायची. आज मी प्राणिशास्त्र शिकवते. तणनाशक बंद करा असं सांगायला मी आलेली नाही. निंदण काय असतं ते मी आईच्या पायांवर पाहिलं आहे. दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून राहिल्यावर बोटांच्या बेचक्यांत चिखल्या व्हायच्या, रात्री ती त्यांना तेल लावून पाय शेकायची. आता निंदायला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही, आणि आवत्या टाकलेल्या, म्हणजे बी फेकून पेरलेल्या, धानात तर सावा हे तण आणि धान ओळखता ओळखता डोळे दुखतात. बाटलीनं बाईची कंबर वाचवली, हे मला मान्य आहे. पण त्या बाटलीतलं औषध बांधीतून पुढं कुठं जातं, हे विचारायचं राहून गेलं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आषाढ होता, रोवणी नुकतीच संपलेली. रात्रभर पाऊस पडला, बांध्या तुडुंब भरून एकीचं पाणी दुसरीत उतरलं. सकाळी मी बांध्यांच्या खालच्या बोडीवर, म्हणजे छोट्या तळ्यावर, गेले तेव्हा काठाच्या गवताला केशरी रंगाची एक रेघ लागली होती. जवळ जाऊन बघते तर ती मरळीची पिल्लं. ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ठाऊक असेल, मरळीची पिल्लं लहान असताना केशरी असतात. शेकड्यांचा थवा एकत्र फिरतो, हवा घ्यायला क्षणभर वर येतो आणि पाण्यावर बारीक पावसासारखी टपटप उठते. मरळ त्यांच्या खाली राखण करत असते. त्या दिवशी ती सगळी पिल्लं काठाला लागली होती, सोबत बोटभर लांबीचे दोन-चार टेंगडे मासे. मी एका टेंगड्याचं झाकण अंगठ्यानं उचललं. आतला कल्ला लालभडक असायला हवा, तो फिका आणि बुळबुळीत होता, वर पांढरट चिकट थर.

पाण्याची बाटली भरून मी तपासायला नेली. तिथं सांगितलं की आमच्याकडं फक्त सामू, क्षार आणि जंतू तपासतात, औषधाचा अंश शोधायची सोय नाही. ज्या ठिकाणी सोय होती तिथं पाठवेपर्यंत आठवडा उलटला, आणि शिळा नमुना त्यांनी घेतला नाही. त्यामुळं ती पिल्लं कशानं मेली हे मी आजही शपथेवर सांगू शकत नाही. पण नंतर मी एक हिशोब मांडला. तोच तुमच्यासमोर ठेवते, कारण हिशोब तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला येतो.

एक एकर म्हणजे सुमारे चार हजार चौरस मीटर. त्यात दोन इंच पाणी उभं असेल तर ते होतं साधारण दोन लाख लिटर. ब्युटाक्लोर या तणनाशकाच्या ५० टक्के ईसी, म्हणजे पाण्यात मिसळायच्या द्रावणाच्या, एक लिटरच्या बाटलीत मूळ औषध सुमारे ५०० ग्रॅम. ती बाटली एकरभर बांधीत पडली आणि पाण्यात सारखी मिसळली, तर दर लिटर पाण्यात अडीच मिलिग्रॅम औषध होतं. प्रयोगशाळेत कार्प, ट्राउट, सनफिश अशा माशांना चार दिवस ब्युटाक्लोरच्या पाण्यात ठेवलं तर अर्धे मासे लिटरला साधारण अर्ध्या मिलिग्रॅमला मरतात. म्हणजे शिफारशीतली मात्रा, एक थेंबही जास्त न टाकता, बांधीच्या पाण्यात माशाच्या मरणमात्रेच्या पाचपट होते. प्रेटिलाक्लोर हे दुसरं तणनाशक एकरी कमी लागतं, पण त्याच पद्धतीनं मोजलं तर तेही ट्राउटच्या मरणमात्रेच्या वरच राहतं.

हे सगळं औषध पाण्यातच राहतं असं नाही. बराचसा भाग चिखल धरून ठेवतो, उरलेलं जिवाणू आणि ऊन मिळून तोडत जातात. पाणी बांधीतच थांबलं तर दर दिवशी त्याचा जोर कमी होतो. सगळा प्रश्न त्या थांबण्याचा आहे. औषध टाकलं, दुसऱ्याच दिवशी पाऊस आला किंवा कोणी धुरा, म्हणजे बांधीचा बांध, फोडून पाणी खाली सोडलं, तर ते ताजं औषध पुढच्या बांधीत, तिथून नाल्यात, नाल्यातून बोडीत.

आपल्याकडं हे जास्त घडतं, कारण आपली रचनाच तशी आहे. कोहळी समाजानं गोंड राजांच्या काळापासून हे तलाव बांधले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत मिळून असे साडेसहा हजारांहून जास्त माजी मालगुजारी तलाव आहेत. एका तलावाचं पाणी पाटानं बांध्यांत जातं, बांध्यांतून झिरपून खालच्या बोडीत आणि पुढच्या तलावात. पाण्याचा एक थेंबही वाया जाऊ नये म्हणून त्या लोकांनी केलेली ही साखळी. तिच्यातूनच आता औषध वरून खाली उतरतं.

दुसरी गोष्ट वेळेची. पहिल्या जोरदार पावसात मासोळी तलावातून उलट्या पाण्यानं चढते. मरळ, मागूर, शिंगी यांना अंडी घालायला खोल पाणी नको असतं. त्यांना उथळ, कोमट, गवताचं पाणी लागतं, आणि ते त्यांना धानाच्या बांधीत मिळतं. लहानपणी आम्ही बांधीच्या कोपऱ्यात हात घालून मागूर धरायचो. जून-जुलै-ऑगस्टच्या ज्या आठवड्यांत बांधीत अंडी आणि पिल्लं असतात, नेमक्या त्याच आठवड्यांत बांधीत तणनाशक पडतं. आमच्या मच्छीमार सोसायट्याही त्याच सुमारास तलावात रोहू-कटल्याची बोटुकली सोडतात. माशाच्या आयुष्यातला सगळ्यात नाजूक काळ आणि औषधाचा सगळ्यात ताजा काळ एकाच वेळी येतात.

तुम्ही म्हणाल, बाटलीवर तर निळा त्रिकोण आहे, काही बाटल्यांवर हिरवा. मग इतकं विषारी कसं? हे मला वर्गात मुलंही विचारतात. बाटलीवरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा रंग हा माणसाला असलेल्या धोक्याचा अंदाज आहे. तो उंदरासारख्या प्राण्याच्या पोटात किंवा कातडीवर किती औषध गेल्यावर तो मरतो यावरून ठरतो. हिरवा त्रिकोण म्हणजे पोटातून मारायला प्राण्याच्या वजनाच्या किलोमागं पाच हजार मिलिग्रॅमच्या वर औषध लागतं. त्यात माशाचा कुठंही विचार नाही. उंदीर औषध गिळतो, मासा ते श्वासात घेतो. दिवसभर, न थांबता, सगळं पाणी त्याच्या कल्ल्यांतून जातं. म्हणून उंदराला सौम्य असलेलं औषध माशाला जहाल ठरू शकतं. माशांना विषारी असल्याची सूचना माहितीपत्रकात असते, पण घडी घातलेल्या त्या कागदावरची अक्षरं इतकी बारीक असतात की मला चष्मा लावूनही खिडकीपाशी जावं लागतं.

मासा मरतो कसा, तेही सांगते, कारण "थोडंसं औषध गेलं तर काय होतंय" असं म्हणणाऱ्याला हे दाखवावं लागतं. कल्ला म्हणजे लाल कंगवा. त्या कंगव्याच्या प्रत्येक दाताला दोन्ही बाजूंनी अतिशय पातळ पापुद्रे असतात. पाण्यातला प्राणवायू याच पापुद्र्यांतून रक्तात जातो. औषध लागलं की पापुद्र्याची वरची कातडी सुटते, सुजते, शेजारचे पापुद्रे एकमेकांना चिकटतात आणि वर चिकट स्राव साचतो. भोवती पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. मरळ-मागूर मोठे झाले की वर येऊन हवा घेऊ शकतात, म्हणून ते तगून राहतात. पण त्यांच्या पिल्लांत हवा घेण्याचा तो अवयव पुरता तयार व्हायला दिवस लागतात, तोवर बराचसा भार कल्ल्यांवर आणि कातडीवर. बोडीच्या काठाला लागलेली ती केशरी रेघ मी इथं आठवते.

आणि जे मरत नाहीत त्यांचं काय? २००२ मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातल्या संशोधकांनी आपल्याच मागूर माशाला २,४-डी आणि ब्युटाक्लोर या तणनाशकांच्या पाण्यात ठेवून त्याचं रक्त तपासलं. रक्तपेशींमध्ये मुख्य केंद्रकाशेजारी तुटके छोटे केंद्रकही दिसले. पेशीतल्या गुणसूत्रांना इजा झाल्याची ती खूण असते. झेब्राफिश या छोट्या माशाला महिनाभर लिटरला ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅम ब्युटाक्लोरमध्ये ठेवल्यावर त्याची अंडी घटली. मासा जिवंत होता, पोहत होता, अंडी कमी घालत होता. असा मासा जाळ्यात आला तर कोणाला काही कळत नाही. फक्त पुढच्या वर्षी जाळं हलकं लागतं. आमच्या सोसायटीतले जुने लोक म्हणतात, "मासोळी रुसली." मला ती रुसलेली वाटत नाही.

सगळा दोष तणनाशकाचा नाही, हेही मी प्रामाणिकपणे लिहिते. तलाव गाळानं भरले, पाणवनस्पती गेल्या, बारीक डोळ्यांची जाळी आली, पिल्लंसुद्धा आम्हीच ओढली. त्यासाठी आमच्या समाजातल्या बायका तलावात पुन्हा पाणवनस्पती लावतात, सोसायट्या काही दिवस मासेमारी बंद ठेवतात. आमच्या बाजूचं आम्ही करू. बाटलीची बाजू मात्र तुमच्या काउंटरवर आहे.

आता ग्लायफोसेट या तणनाशकाबद्दल. धुऱ्यावरचं गवत, पाटाचा काठ आणि तलावाच्या कडेची बेशरम यांवर ते सर्रास मारलं जातं. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून ग्लायफोसेट फक्त कीड नियंत्रण चालकांमार्फत वापरावं असं बंधन घातलं, ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत असेल. माशाच्या बाबतीत यातली एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. नुसतं ग्लायफोसेट माशाला तितकं मारत नाही. मारतं ते पानावर औषध पसरावं म्हणून बाटलीत मिसळलेलं साबणासारखं द्रव्य. १९७९ मध्ये अमेरिकेत रेनबो ट्राउटवर झालेल्या चाचणीत नुसतं ग्लायफोसेट लिटरला १४० मिलिग्रॅमला मारक ठरलं आणि ते पसरवणारं द्रव्य अवघ्या २ मिलिग्रॅमला. युरोपियन युनियननं २०१६ मध्ये ग्लायफोसेटच्या बाटल्यांतून या प्रकारच्या द्रव्यावर बंदी घातली. तलावाच्या काठावर मारलेलं हेच द्रव्य सरळ पाण्यात पडतं. शिवाय मेलेली बेशरम पाण्यात सडते आणि सडताना पाण्यातला प्राणवायू खाते, मग पहाटे मासे तोंड वर काढून हापापतात. पाळीवर आणि काठावर बेशरम असेल तर ती उपटावी किंवा कापावी. रोजगार हमीतून ते काम निघू शकतं. त्यासाठी कोणी बाटली मागितली तर कृपा करून देऊ नका.

२,४-डीमध्येही निवड तुमच्या हातात आहे. रुंद पानाच्या तणासाठी ते दिलं जातं, आणि ते इथाइल एस्टर, अमाइन सॉल्ट, सोडियम सॉल्ट अशा रूपांत मिळतं. नाव एकच असलं तरी माशासाठी एस्टर हे अमाइनच्या कितीतरी पट घातक आहे, कारण ते कल्ल्यातून पटकन आत शिरतं. खाली बोडी असलेल्या शेतकऱ्याला अमाइन द्या. फडताळावर दोन्ही शेजारी असतात, हात थोडा उजवीकडं न्यायचा एवढंच.

माझी मुख्य विनंती एका प्रश्नाची आहे. तणाचं औषध मागायला आलेल्या प्रत्येकाला, बाटली हातात देण्याआधी विचारा, "दादा, तुमच्या बांधीचं पाणी कुठं जातं?" तो म्हणाला की खाली बोडी आहे, नाला आहे, तलाव आहे, तर त्याला सांगा की औषध टाकल्यावर किमान आठवडाभर बांधीचं तोंड बंद ठेव, धुरा फोडू नको. आभाळ भरून आलं असेल तर आज टाकू नको, उघडीप बघून टाक. टाकायच्या आधी धुरे थोडे उंच करून घे. आणि पंप, बादली, वाळू कालवलेलं घमेलं बोडीत किंवा पाटात धुऊ नको, त्याच बांधीत धू. झाकणाला भोक पाडून बाटली शिंपडणारे लोक रिकामी बाटली तिथंच पाण्यात टाकून देतात, तसं करू नको हेही सांगा. एवढं सांगायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

बांधीत पाणी अडवून ठेवल्यानं फरक पडतो का, हे आधी कोणी करून बघितलं आहे का, असं तुमच्यातल्या कोणाला वाटेल. बघितलं आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रॅमेंटो खोऱ्यात भातशेती आपल्यासारखीच उभ्या पाण्यात होते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं मोलिनेट नावाच्या तणनाशकामुळं शेताखालच्या कोलुसा निचरा कालव्यात कार्प मासे मरायला लागले. कार्प म्हणजे आपण ज्याला सायप्रिनस म्हणतो तो. थायोबेनकार्ब नावाच्या दुसऱ्या तणनाशकानं सॅक्रॅमेंटो शहराच्या पिण्याच्या पाण्याला कडू चव आली. तिथल्या सरकारनं तणनाशक टाकल्यावर पाणी ठरावीक दिवस शेतातच अडवून ठेवण्याचं बंधन घातलं आणि पुढं ते दिवस वाढवत नेले. मासे मरणं थांबलं, भातशेतीही चालूच राहिली. पाणी थांबवलं तर तणाचाही बंदोबस्त जास्त नीट होतो, कारण औषधाला काम करायला वेळ मिळतो. शेतकऱ्याला हेच पटवा. माशासाठी ऐकणार नाही तो बाटलीचे पैसे वसूल होण्यासाठी ऐकेल.

"शेतकरी आमचं ऐकत नाही" असं तुमच्यापैकी काही जण म्हणतात, ते मी ऐकलं आहे. पण तोच शेतकरी तुम्ही सांगितलेली मात्रा ऐकतो, तुम्ही सांगितलेलं टॉनिक घेतो. २०२० च्या मे महिन्यात केंद्रानं ज्या २७ औषधांवर बंदीचा मसुदा काढला त्यात ब्युटाक्लोरही होतं आणि २,४-डीही. दोन्ही आज तुमच्या फडताळावर आहेत. कायदा जेव्हा काय करायचं ते करेल. यंदाची रोवणी त्याच्यासाठी थांबणार नाही आणि मरळीची अंडीही थांबणार नाहीत.

तालुक्यातल्या कृषी केंद्रचालकांची रोवणीआधीची बैठक असेल तर मला बोलवा. मी महाविद्यालयातला सूक्ष्मदर्शक आणि कल्ल्याच्या दोन काचा घेऊन येईन, एक चांगल्या माशाची, एक बोडीच्या काठावर सापडलेल्या त्या टेंगड्याची. दोन्ही तुम्ही स्वतः डोळ्यांनी बघा. सोबत वरचा प्रश्न आणि त्याखालच्या सूचना मोठ्या अक्षरांत छापलेला कागद आणते आहे, काउंटरच्या काचेखाली ठेवता येईल एवढाच. आमच्या मच्छीमार सोसायटीनं पहिल्या दोनशे कागदांचा छपाईखर्च उचलला आहे. ज्यांना हवा त्यांनी सोसायटीच्या माणसाजवळ निरोप द्या, तो रोज सकाळी बाजारात मासोळी घेऊन बसतो.

आपली,
ढिवराची एक लेक आणि प्राणिशास्त्राची शिक्षिका
अर्जुनी मोरगाव तालुका, जिल्हा गोंदिया